गाडगे महाराज

गाडगे महाराज (मूळ नाव: डेबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म: २३ फेब्रुवारी १८७६, शेंडगाव, मृत्यू: २० डिसेंबर १९५६, वलगावजवळ) हे महाराष्ट्रातील संत, कीर्तनकार व समाजसुधारक होते. दुष्काळ व साथरोग यांच्या निवारणासाठी त्यांनी सार्वजनिक स्वच्छता, अन्नदान व निवारा यांची लोकवर्गणीतून उभारणी केली.

जीवन

त्यांचा जन्म अमरावती जिल्ह्यात परीट कुटुंबात झाला. वडिलांच्या अकाली निधनानंतर ते मूर्तिजापूरजवळील दापुरे येथे आजोळी वाढले. तेथे त्यांनी गुरे राखली आणि शेती केली. हा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा असून येथील भूजल खारे आहे. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांनी वऱ्हाड होरपळले, तेव्हा ते विशीत होते. मामाची जमीन सावकारी कर्जात गेल्याचा अनुभवही त्यांनी घेतला. १९०५ मध्ये त्यांनी गृहत्याग केला. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि मातीचे गाडगे या वेषामुळे त्यांना गाडगेबाबा हे नाव मिळाले.

कार्य

त्या काळी यात्रांमधील दूषित पाण्यामुळे पटकीची साथ पसरत असे. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात पटकीचा जंतू ओळखून दाखवला होता. मात्र हे ज्ञान खेड्यांतील निरक्षर यात्रेकरूंपर्यंत पोहोचलेले नव्हते. गाडगेबाबा गावात शिरताच रस्ते व गटारे झाडीत आणि रात्री कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारून अस्वच्छता, व्यसन, कर्ज, पशुबळी व अस्पृश्यता यांवर टीका करीत.

ऋणमोचन येथे पूर्णा नदीकाठी त्यांनी १९०८ मध्ये घाट बांधला. पुढे तेथे अंध व अपंगांसाठी अन्नदान सुरू झाले. पंढरपूर, आळंदी, देहू व नाशिक येथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सुपूर्द केली. या वास्तूंत त्यांनी स्वतःसाठी वा कुटुंबासाठी जागा राखली नाही. कार्याच्या सातत्यासाठी ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगेबाबा मिशनची स्थापना झाली. भुकेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, बेघरांना आसरा आणि रोग्यांना औषधोपचार ही त्यांच्या दशसूत्रीतील प्रमुख कर्तव्ये होत.

निधन

८ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांचे अखेरचे कीर्तन मुंबईतील वांद्रे येथे झाले. प्रकृती खालावल्यावर त्यांना मोटारीने अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांचे निधन झाले. वलगाव येथील हे स्थळ निर्वाणभूमी म्हणून ओळखले जाते. त्यांची समाधी अमरावतीतील गाडगेनगरात आहे.

वारसा

अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. महाराष्ट्र शासनाने २००० मध्ये सुरू केलेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानामुळे गावाच्या स्वच्छतेची जबाबदारी ग्रामस्थांनी स्वतः उचलण्याची त्यांची पद्धत शासकीय कार्यक्रमाचा भाग बनली.