अण्णा भाऊंनी तमाशाचा नियमच बदलला

दरवर्षी 1 ऑगस्टला वस्त्यावस्त्यांत अण्णा भाऊ साठे यांच्या प्रतिमेला हार घातला जातो. भाषणांत ‘फकिरा’चा उल्लेख होतो, दीड दिवसाच्या शाळेचा होतो, संयुक्त महाराष्ट्राचा होतो. त्यांनी कलापथक कसे बांधले आणि त्या कलापथकाने शिकत शिकत स्वतःला कसे बदलले, यावर मात्र फारसे कोणी बोलत नाही. गायन पार्टी, पथनाट्य किंवा शाहिरी जलसा चालवणाऱ्या आजच्या तरुणांना खरी गरज याच भागाची आहे.

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म 1 ऑगस्ट 1920 रोजी वाटेगाव (ता. वाळवा, जि. सांगली) येथे मांग कुटुंबात झाला. इंग्रज सरकारने जन्मजात गुन्हेगार ठरवलेली ही जात. शाळा दीड दिवसात सुटली. पोटासाठी कुटुंब पायी मुंबईला निघाले. मुंबईत मिळेल ती मजुरी आणि गिरणीतले काम करत अण्णा भाऊ अक्षरे शिकले. पुढे गावी परतल्यावर नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशात ते उभे राहिले. ढोलकी कधी चढवायची, बतावणी किती ताणायची, लोक कंटाळले की काय करायचे, हे सगळे त्यांना त्या फडाने शिकवले.

पुन्हा मुंबईला आल्यावर माटुंग्याचा लेबर कॅम्प त्यांची दुसरी शाळा झाला. महाडच्या परिषदेसाठी झटलेले कॉम्रेड आर. बी. मोरे यांच्यासारखे कार्यकर्ते तिथे होते. त्यांच्यामुळे जातीच्या प्रश्नाला वर्गाच्या प्रश्नाची जोड मिळाली. कॅम्पातल्या डासांवर अण्णा भाऊंनी गाणे रचले. पाठोपाठ स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा आला. 1944 साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले.

व्यवस्थापनशास्त्रातली एक कल्पना इथे उपयोगी पडते. क्रिस आर्गिरिस आणि डोनाल्ड शॉन या अमेरिकी अभ्यासकांनी 1978 साली संघटना कशा शिकतात यावर पुस्तक लिहिले. शिकण्याचे दोन प्रकार त्यांनी सांगितले. चूक दिसली की ती सुधारायची आणि नियम तसाच ठेवायचा, हा पहिला प्रकार, सिंगल लूप. चूक ज्या नियमातून येते तो नियमच तपासायचा, हा दुसरा, डबल लूप. एसी ठरवून दिलेले तापमान राखतो. ते तापमान कोणी ठरवले, असे तो कधी विचारत नाही. बहुतेक संघटना एसीसारख्याच चालतात.

आता तमाशाकडे पाहा. आधी गणपतीला वंदन करणारा गण, मग कृष्ण आणि गवळणींची गौळण, पुढे बतावणी, लावणी आणि वग, हा त्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. प्रेक्षक कमी झाले की फडमालक नवी लावणी बसवायचा, नवा सोंगाड्या आणायचा. हे सिंगल लूप. अण्णा भाऊंनी प्रश्न मुळाशी नेला. कामगारांपुढे उभे राहताना सुरुवात देवाच्या वंदनाने का करायची? त्यांच्या गणात मायभूमी आणि छत्रपती शिवराय आले. गौळण त्यांनी वगळली. वगातला राजा-प्रधान जाऊन तिथे सावकार, शेटजी, पुढारी, गिरणी कामगार आणि शेतकरी आले. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजीचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’ ही नावेच पुरेशी बोलकी आहेत. ढोलकी मात्र राहिली, बतावणीतली चपराक राहिली, कारण लोकांशी नाते तिनेच जोडले होते. काय टाकायचे आणि काय ठेवायचे हा विवेक डबल लूपचा गाभा आहे.

हे आकाशातून पडले नव्हते. आधी सत्यशोधक जलशांनी गणपती म्हणजे गणांचा पती, लोकांचा नायक, असा अर्थ लावला होता. 1930 च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांच्या आंबेडकरी जलशांनी हाच तमाशाचा साचा बाबासाहेबांचा विचार गावकुसाबाहेर पोहोचवण्यासाठी वापरला. एका जलशाने शिकलेले दुसऱ्याने पुढे नेले. यालाच आपण परंपरा म्हणतो.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. लाल बावटा कलापथकालाही बंदीचा सामना करावा लागला. नुसते रडून भागणार नव्हते. तमाशाच्या या नव्या रूपाने ‘लोकनाट्य’ हे नाव घेतले आणि ते पुढे चालत राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तर ‘माझी मैना’ या छक्कडीत विरहाचा जुना साचा बेळगाव-कारवारच्या दुराव्यासाठी वापरला गेला. प्रेक्षकांना सूर ओळखीचा होता, अर्थ नवा होता.

2 मार्च 1958 रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन अण्णा भाऊंनी केले. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर उभी आहे ही पुराणातली समजूत बाजूला सारून तिचा भार त्यांनी दलित-कष्टकऱ्यांच्या तळहातावर दिला. रंगमंचावर गणाचे जे केले, तेच इथे पुराणकथेचे केले. ‘फकिरा’ ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. 1961 साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. ते शेवटपर्यंत मार्क्सवादी होते. त्यांना ओढूनताणून आपल्या चौकटीत बसवण्याची गरज नाही. पण परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा मोठ्यांनी सांगितले एवढ्यावरून काही स्वीकारू नका, अनुभवाने तपासा, हा कालामांना दिलेला तथागतांचा उपदेश आपण मानत असू, तर अण्णा भाऊंची रीत आपल्याला परकी वाटू नये.

या गोष्टीला दुसरी, कडू बाजू आहे. संघटना शिकली असे केव्हा म्हणायचे? माणसे गेल्यावरही शिकलेले उरते तेव्हा. कलापथकाची फळी पुढे विस्कटली. अनेक वर्षे घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत काढलेले अण्णा भाऊ 18 जुलै 1969 रोजी गोरेगावात गेले. 29 ऑगस्टला अमर शेख अपघातात गेले. दीड महिन्यात दोन आवाज थांबले. पुस्तके उरली, गाणी उरली. पण पथक बसवायचे कसे, प्रसंग रचायचा कसा, लोकांचा प्रतिसाद वाचायचा कसा, ही कारागिरी बरीचशी त्या माणसांबरोबर गेली.

आपल्या गायन पार्ट्यांचे आज तेच होत आहे. जुना शाहीर गेला की त्याची वही घरच्यांच्या पेटीत जाते आणि चाली कोणाच्याच जवळ राहत नाहीत. जयंतीला गर्दी कमी झाली की आपण आवाज वाढवतो, मोठा डीजे आणतो. हे एसीचे शिकणे झाले. आपला कार्यक्रम नेमका कोणासाठी आहे, तो ऐकून वस्तीत काय बदलले, हा प्रश्न कार्यक्रमानंतर एकत्र बसून विचारला जात नाही.

म्हणून प्रत्येक पथकाने तीन कामे सुरू करावीत. कार्यक्रम संपल्यावर तासभर बसून काय पोहोचले आणि काय नाही ते लिहून ठेवावे. हयात असलेल्या शाहिरांच्या चाली आणि आठवणी मोबाइलवर ध्वनिमुद्रित कराव्यात. आणि वर्षातून एकदा आपल्या ‘गणा’कडे, म्हणजे सवयीने चालत आलेल्या पहिल्याच गोष्टीकडे, नव्याने पाहावे. शाळेत दीड दिवस बसलेल्या माणसाने हे करून दाखवले. आपल्याकडे तर पदव्या आहेत.