दुर्बीण घ्यायची आहे? आधी अर्न्स्ट आबे यांची गोष्ट वाचा

गेल्या वर्षी सेल लागला तेव्हा मी ऑनलाइन एक दुर्बीण मागवली. बॉक्सवर मोठ्या अक्षरात ३०×६० लिहिलेलं. म्हणजे ३० पट मोठं दिसणार आणि पुढची लेन्स ६० मिलिमीटरची! खूश होऊन ती भीमाशंकरला घेऊन गेलो. संध्याकाळी एका झाडावर शेकरू दिसलं. नुसत्या डोळ्यांना बऱ्यापैकी दिसत होतं, पण दुर्बीण लावली की काळा डाग.

घरी येऊन पट्टीने मोजलं, तर पुढची लेन्स ६० नाही, २२ मिलिमीटर निघाली. ३० पट हा आकडाही खोटाच होता. तो कसा पकडायचा हे शेवटी सांगतो, कारण ती ट्रिक समजायला आधी एका माणसाची ओळख हवी. आज फोनच्या कॅमेऱ्यावर झाईस हे नाव तुम्ही बघता, त्या कंपनीला गणित शिकवणारे अर्न्स्ट आबे. शिकारी, सैनिक आणि पक्षीनिरीक्षक यांच्या गळ्यात आज जी प्रिझमवाली दुर्बीण असते, ती बाजारात आणण्यामागेही तेच होते.

गिरणी कामगाराचा मुलगा

आबे यांचा जन्म २३ जानेवारी १८४० रोजी जर्मनीतल्या आयझेनाख गावात झाला. वडील सूतगिरणीत कामाला होते. दिवसाचे १४ ते १६ तास उभ्याने काम, जेवायला वेगळी सुट्टी नाही. लहानगा अर्न्स्ट दुपारी डबा घेऊन गिरणीत जायचा आणि वडील यंत्राजवळच उभ्या उभ्या चार घास खायचे. पन्नाशीच्या आधीच वडील म्हातारे दिसायला लागले, हे त्या मुलाने डोळ्यांनी पाहिलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पोरगा हुशार होता. वडिलांच्या मालकाने शिक्षणाला मदत केली, बाकी शिष्यवृत्त्या आणि शिकवण्या. आधी येना, मग ग्योटिंगन विद्यापीठ. १८६१ मध्ये डॉक्टरेट, तेव्हा वय फक्त २१. १८६३ पासून ते येनाच्या विद्यापीठात शिकवू लागले.

अंदाजाऐवजी गणित

येनातच कार्ल झाईस यांचं मायक्रोस्कोपचं वर्कशॉप होतं, १८४६ साली सुरू झालेलं. माल चांगला होता, पण बनवायची पद्धत म्हणजे निव्वळ ट्रायल अँड एरर. कारागीर भिंगं घासायचे, एकापुढे एक लावून बघायचे, नाही जमलं तर बदलायचे. एखादा मायक्रोस्कोप अप्रतिम निघायचा, पण दुसरा तसाच निघेल याची खात्री नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर कोड चालतोय, पण का चालतोय ते कोणालाच माहीत नाही!

झाईस यांना हे खटकत होतं. १८६६ मध्ये त्यांनी २६ वर्षांच्या आबेंना सोबत घेतलं. काम एकच: भिंगाचा आकार आधी कागदावर गणिताने काढायचा, मग कारागिराने तसाच बनवायचा.

आबेंचे पहिले प्रयत्न फसले. तेव्हाची समजूत अशी की भिंगाचं तोंड लहान ठेवलं तर दोष कमी होतात. गणितही तसंच सांगत होतं. त्यांनी अरुंद तोंडाची भिंगं बनवली, तर चित्र जुन्या अंदाजपंचे भिंगांपेक्षाही वाईट! दुसरा कोणी असता तर गणित सोडून दिलं असतं. आबे मात्र हे असं का झालं याच्या मागे लागले आणि उत्तर मिळालं. बारीक तपशील दिसायचा असेल, तर वस्तूकडून येणारा प्रकाश रुंद कोनातून आत घ्यावाच लागतो. तोंड अरुंद केलं की तपशील आतच येत नाही. जे आत आलंच नाही, ते पुढे कितीही मोठं करा, दिसणार नाही.

फोनवर फोटो झूम केल्यावर जे होतं, तेच हे. पिक्सेल मोठे होतात, माहिती वाढत नाही. १८७३ मध्ये आबेंनी हा नियम मांडला. येनातल्या त्यांच्या स्मारकावर हे सूत्र कोरलेलं आहे. त्याच सुमारास झाईसचे मायक्रोस्कोप गणिताने बनू लागले आणि धंदा वाढला. काही वर्षांत आबे कंपनीत भागीदार झाले.

काच नव्हती म्हणून वीस वर्षं थांबलेली दुर्बीण

आता दुर्बिणीकडे येऊ. त्या काळी शिकाऱ्यांकडे दोन पर्याय असायचे. एक, नाटकाला नेतात तशी छोटी जोडदुर्बीण. तिच्यात ३-४ पटीच्या पुढे गेलं की दिसणारा भाग फार अरुंद व्हायचा. दुसरा, ओढून लांब करायची एका डोळ्याची नळी. ती ताकदवान, पण हलणारी आणि पळत्या हरणाला शोधायला कठीण.

याच्यावर उपाय होता प्रिझम. दोन बहिर्गोल भिंगांच्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं. मध्ये दोन प्रिझम बसवले की चित्र सुलटं होतं, शिवाय प्रकाशाचा रस्ता घडी घालून लहान नळीत मावतो. आबेंनी अशी दुर्बीण बनवून १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात ठेवली. इटलीच्या इग्नाझिओ पोरो यांनी हीच कल्पना १८५४ मध्येच मांडली होती, हे आबेंना तेव्हा माहीत नव्हतं.

पण माल बाजारात आला नाही. अडचण काचेची होती. प्रिझममध्ये प्रकाशाला बरीच जाड काच पार करावी लागते आणि तेव्हाच्या काचेत रेघा, बुडबुडे, रंगाची झाक असायची. आबेंनी मग काचेचाच प्रश्न हातात घेतला. ऑटो शॉट नावाचा तरुण रसायनतज्ज्ञ त्यांना भेटला आणि १८८४ मध्ये आबे, शॉट, कार्ल झाईस आणि त्यांचा मुलगा यांनी येनात काचेचा कारखाना काढला. बेरियम, बोरॉन असे घटक घालून नव्या जातीच्या काचा तयार झाल्या.

१८९४ मध्ये झाईसच्या प्रिझम दुर्बिणी विकायला आल्या: ४, ६ आणि ८ पटीच्या. त्यांच्या पुढच्या लेन्स दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा लांब बसवलेल्या होत्या. पेटंट मिळालं ते याच रचनेवर, कारण प्रिझमची कल्पना पोरोंची होती. लेन्स लांब असल्याने खोली जास्त जाणवते, म्हणजे फांद्यांच्या जाळीतून मागचं हरीण वेगळं उठून दिसतं. शिकाऱ्यासाठी ही मोठीच सोय झाली.

शिकार बदलली की आकडे बदलतात

त्या पहिल्या ८ पटीच्या दुर्बिणीची पुढची लेन्स २० मिलिमीटरची होती. २० भागिले ८, म्हणजे अडीच. डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या गोलाचा व्यास अडीच मिलिमीटर, यालाच एक्झिट प्युपिल म्हणतात. भर दुपारी आपल्या बाहुल्या तेवढ्याच उघड्या असतात, त्यामुळे मस्त दिसतं. पण अंधारात तरुण माणसाची बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. तिथे अडीच मिलिमीटरचा गोल म्हणजे सात माणसांच्या जेवणाला अडीच पोळ्या.

म्हणून पुढच्या काळात शिकारीप्रमाणे दुर्बिणी वेगळ्या झाल्या. जर्मनीत आजही परीक्षा देऊन, परवाना काढून शिकार करता येते आणि तिथला हिशेब साधारण असा असतो:

• मचाणावर बसून संध्याकाळी रानडुकराची वाट बघायची: ८×५६. गोल ७ मिलिमीटरचा, पण वजन एक किलोच्या आसपास किंवा जास्त. बसूनच काम असल्याने चालतं.

• जंगलातून दबकत चालायचं: ८×३२. हलकी, दिसणारा भाग रुंद. गोल ४ मिलिमीटरचा, त्यामुळे अंधार पडला की मर्यादा येते.

• आल्प्समध्ये समोरच्या उतारावर शॅमवा, म्हणजे डोंगरी बकऱ्यासारखा प्राणी शोधायचा: १०×४२. लांबचं दिसतं, पण हात हलला की चित्रही जास्त हलतं.

• या तिन्ही कामांना एकच घ्यायची आणि बजेट मधलं: ८×४२. गोल सव्वापाच मिलिमीटरचा, वजन पाऊण किलोच्या आसपास, हातात स्थिर राहते. कशातच पहिला नंबर नाही, पण कशातच नापास नाही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकार हा गुन्हा आहे. पण भिगवणला फ्लेमिंगो बघणारा आणि ताडोबात पहाटे जिप्सीत बसणारा यांच्यापुढे प्रश्न तोच आहे, आणि उत्तरही बहुतेक वेळा ८×४२ हेच.

नफा कोणाचा?

१८८८ मध्ये कार्ल झाईस वारले. आता आबे श्रीमंत होते आणि कंपनीचा कारभार त्यांच्या हातात होता. इथे ती गिरणी परत येते. १८८९ मध्ये त्यांनी कार्ल झाईस फाउंडेशन काढलं आणि १८९१ मध्ये कंपनीतला आपला हिस्सा त्याला देऊन टाकला. आपलं नाव त्यांनी त्या संस्थेला दिलं नाही, दिलं ते आपल्या जुन्या जोडीदाराचं.

१८९६ च्या नियमावलीत पगारी सुट्टी, पेन्शन, नफ्यात वाटा हे सगळं लिहून ठेवलं. नोकरी देताना धर्म किंवा पक्ष बघायचा नाही. सगळ्यात वरच्या अधिकाऱ्याचा पगार कामगाराच्या सरासरी कमाईच्या दहा पटीपेक्षा जास्त नसावा. आजच्या कोणत्याही टेक कंपनीत हा नियम लावून बघा!

१९०० मध्ये त्यांनी कामाचा दिवस आठ तासांचा केला. इथेही त्यांनी नुसत्या दयेवर भागवलं नाही, तर मोजलं. तुकड्यावर काम करणाऱ्यांचे आधीचे आणि नंतरचे आकडे ताडून पाहिले. तास कमी झाले, पण दिवसाचं काम घटलं नव्हतं, उलट थोडं वाढलंच होतं. वडिलांच्या सोळा तासांना मुलाने दिलेलं हे उत्तर होतं.

स्वतःच्या तब्येतीचा हिशेब मात्र त्यांना जमला नाही. प्रचंड कामाने शरीर थकलं, १९०३ मध्ये ते निवृत्त झाले आणि १४ जानेवारी १९०५ रोजी येनात वारले. ६५ वर्षं पूर्ण व्हायला नऊ दिवस बाकी होते. झाईस आणि शॉट या दोन्ही कंपन्या आजही त्याच फाउंडेशनच्या मालकीच्या आहेत.

मधल्या बजेटमध्ये काय बघायचं?

आबेंच्या पद्धतीने, म्हणजे जाहिरात नाही, माप:

१. पुढच्या लेन्सचा व्यास पट्टीने मोजा. मग दुर्बीण हातभर लांब, आकाशाकडे रोखून धरा. मागच्या भिंगात उजेडाचा छोटा गोल दिसेल, तोही मोजा. पहिला आकडा भागिले दुसरा, म्हणजे खरी पट. माझ्या ३०×६० मध्ये गोल पावणेतीन मिलिमीटरचा होता. २२ भागिले पावणेतीन, म्हणजे ८. ही झाली खोटं पकडायची ट्रिक.

२. तो गोल पूर्ण वाटोळा आहे का बघा. कडेला चौकोनी करडी सावली दिसली तर प्रिझमची काच बहुधा साधी आहे. बाके-४ लिहिलेलं असतं ती बेरियमवाली काच या बाबतीत चांगली.

३. कॅटलॉगमध्ये ट्वायलाइट फॅक्टर असतो, पट गुणिले व्यास याचं वर्गमूळ. त्यावर एकट्यावर जाऊ नका. ८×४२ चा १८.३ येतो आणि २०×२० चा २०, पण २०×२० चा गोल फक्त एक मिलिमीटरचा असतो. संध्याकाळी काहीच दिसणार नाही.

४. सगळ्या काचांवर मल्टिकोटिंग, सरळ नळीची असेल तर प्रिझमवर फेज कोटिंग, आणि आत नायट्रोजन भरून सीलबंद. पावसाळ्यात आतून धुकं धरत नाही.

५. ईडी काच असेल तर फांदीच्या कडेला जांभळी रेघ कमी दिसते. काच रंग किती फाकवते हे मोजायच्या आकड्याला आबे नंबर म्हणतात. जितका मोठा तितका चांगला. साध्या बीके-७ काचेचा ६४ च्या आसपास असतो, चष्म्याच्या पॉलिकार्बोनेटचा ३० च्या आसपास. चष्म्याच्या दुकानात हा शब्द ऐकलात तर आता माणूसही आठवेल.

६. चष्मा लावत असाल तर आय रिलीफ १५ मिलिमीटरच्या पुढचा घ्या.

मी आता ८×४२ घेतली आहे. बॉक्सवरचा आकडा आधीच्यापेक्षा कितीतरी लहान आहे. पण परवा परत भीमाशंकरला गेलो, सूर्य बुडाल्यावर पंधरा मिनिटांनी शेकरू आलं, आणि या वेळी त्याची शेपटी कुठल्या रंगाची आहे ते दिसलं.