जीव वाचल्यानंतरचे जगणे

युद्धाचा हिशेब मांडताना रणगाडे, विमाने आणि दारूगोळा यांची किंमत पै न पै धरली जाते. कंबरेखालचे शरीर लुळे पडून परतलेल्या जवानाच्या उरलेल्या आयुष्याचा हिशेब मात्र सहसा कोणी मांडीत नाही. तो मांडावयास ज्यांनी जगाला भाग पाडले, त्यांत डॉ. लुडविग गुटमान यांचे नाव अग्रभागी आहे.

गुटमान यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजी तत्कालीन जर्मनीतील टोस्ट या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. १९१७ साली ते एका रुग्णालयात सेवक म्हणून काम करीत असता पाठीचा कणा मोडलेला एक धट्टाकट्टा खाणकामगार तेथे दाखल झाला. अशा रोग्यासाठी काही करण्यासारखे नसते, अशीच तेव्हाच्या वैद्यकाची धारणा होती. काही आठवड्यांतच तो दगावला. पुढे ब्रेस्लाऊ येथे गुटमान मज्जासंस्थेचे नामांकित तज्ज्ञ झाले. १९३३ मध्ये नाझी राजवटीत नोकरी गेल्यावर ते तेथील ज्यू रुग्णालयात काम करू लागले. नोव्हेंबर १९३८ च्या ज्यूविरोधी अत्याचारांच्या वेळी आश्रयास आलेल्यांना त्यांनी रोगी म्हणून दाखल करून घेतले आणि ६४ पैकी ६० जणांची अटक टाळली. १९३९ साली ते निर्वासित म्हणून सहकुटुंब इंग्लंडला आले.

फ्रान्सच्या किनाऱ्यावर फौजा उतरविण्याची तयारी चालू असता, फेब्रुवारी १९४४ मध्ये, ब्रिटिश सरकारने स्टोक मँडेविल येथे मज्जारज्जूला इजा झालेल्यांसाठी स्वतंत्र विभाग उघडला व त्याची सूत्रे या निर्वासिताकडे सोपविली. हे रोगी मूळ जखमेपेक्षा शय्याव्रणांनी आणि मूत्रमार्गातील जंतुसंसर्गाने मरतात, हे गुटमान यांनी हेरले होते. त्यांचा पहिला उपाय अत्यंत साधा होता. रात्र असो वा दिवस, दर दोन तासांनी प्रत्येक रोग्याची कूस बदलावयाची. या नियमाच्या पालनासाठी ते स्वतः मध्यरात्रीही फेरी मारीत.

तथापि, प्राण वाचविणे ही त्यांच्या दृष्टीने केवळ पहिली पायरी होती. रुग्णालयातच सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टंकलेखन यांचे शिक्षण सुरू झाले. पूर्वी दयेवर जगणारा माणूस पुन्हा कमावू लागावा, सरकारला कर भरू लागावा, तेव्हाच उपचार पूर्ण झाले असे ते मानीत. खेळ हाही त्यांच्या उपचारांचाच भाग होता. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, चाकांच्या खुर्चीत बसून १६ जणांनी स्टोक मँडेविलच्या हिरवळीवर तिरंदाजीची स्पर्धा खेळली. १९६० साली रोममध्ये २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू जमले आणि त्या स्पर्धा पुढे पॅरालिंपिकचा आरंभ मानल्या गेल्या. १९६६ मध्ये गुटमान यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १८ मार्च १९८० रोजी ते निवर्तले.

या परंपरेशी महाराष्ट्राचाही संबंध आहे. १९६५ च्या युद्धात जखमी झालेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये जलतरणाचे सुवर्णपदक मिळविले. १९७४ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे कंबरेखाली पंगू झालेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र स्थापन झाले.

पदके सर्वांना दिसतात. परंतु त्यांच्या मागे रात्री-अपरात्री कूस बदलणारे हात आणि हाताला काम देणारी कर्मशाळा असते, याचा विसर पडतो. निवृत्तिवेतन सुरू केले की समाजाचे ऋण फिटले, ही समजूत हिशेबालाही धरून नाही. शिक्षणावर आणि शुश्रूषेवर केलेला खर्च माणूस पुन्हा मिळवता झाल्यावर परत येतो. केवळ जगविण्यावर केलेला खर्च जन्मभर चालू राहतो. आणि हे तत्त्व जवानापुरतेच का असावे? परातीवरून कोसळणाऱ्या गवंड्याचा कणाही तसाच मोडतो. गुटमान यांनी प्रथम पाहिलेला तो रोगी सैनिक नव्हता. तो कामगार होता.