पुन्हा 'सा'पासून

आपल्यापैकी कुणाला चार वर्षांच्या डिग्रीला सहा वर्षं लागली, तर घरी तोंड दाखवायची सोय राहत नाही. केसरबाई केरकर यांचं शिक्षण मोजायला घेतलं तर पहिल्या गुरूपासून शेवटच्या गुरूच्या निधनापर्यंत पंचेचाळीसच्या वर वर्षं भरतात!

जन्म १३ जुलै १८९२, गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं केरी गाव. कलावंत समाजातल्या मुलीला गाणं हा छंद नव्हता, पोट त्याच्यावर चालायचं. आठव्या वर्षी कोल्हापूरला अब्दुल करीम खाँसाहेबांकडे तिचं शिक्षण सुरू झालं आणि वर्षाच्या आत थांबलं. मग रामकृष्णबुवा वझे गोव्यात येतील तेव्हा त्यांच्याकडे. सोळाव्या वर्षी मुंबई. तिथे सतारिये बरकतुल्ला खाँ भेटले, तर ते म्हैसूर दरबारी निघून गेले. भास्करबुवा बखले यांच्याकडेही थोडेच दिवस. प्रत्येकाचं गाणं वेगळं. म्हणजे दर वेळी सिलॅबस नवा आणि कोर्स अर्धाच.

एवढ्या शिदोरीवर मैफली करून आरामात जगता आलं असतं. पण १९२१ साली, एकोणतिशीच्या आसपास, त्यांनी अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा बांधला आणि जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात केली. खाँसाहेबांचा स्वतःचा आवाज अति गाण्याने गेला होता. उरलेल्या आवाजात बसेल अशी गायकी त्यांनी घडवली, तीच जयपूर-अत्रौली घराण्याची ओळख झाली. या गायकीत शब्दांपेक्षा आकार जास्त. तान सरळ चढत-उतरत नाही, वळसे घेत जाते. तिने मात्रा सोडायची नाही आणि दम तुटलेलाही कळू द्यायचा नाही. दोन्ही कंडिशन्स एकाच वेळी! अनवट आणि जोडराग तर आणखी अवघड. हे सगळं अंगात मुरायला अकरा वर्षं सलग तालीम झाली. खाँसाहेब १९४६ साली गेले, तोपर्यंत बाई शिकतच होत्या.

मान खूप मिळाला. कलकत्त्यात 'सूरश्री', १९५३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६९ साली पद्मभूषण. पण एवढ्या कष्टाने मिळवलेली विद्या त्यांनी अगदी हात राखून दिली. रेडिओपासून लांब राहिल्या, रेकॉर्डही मोजक्याच. शिष्या म्हणून एकच नाव घेतलं जातं, धोंडूताई कुलकर्णी. मला हे खटकतं. पण इतक्या दारांवर थांबावं लागलेल्या बाईने आपलं दार सताड उघडं ठेवावं, ही अपेक्षा करणारे आपण कोण, असंही वाटतं. १९६० च्या दशकाच्या मध्यात, आवाज शाबूत असतानाच, त्यांनी मैफली बंद केल्या.

गंमत म्हणजे त्यांची साडेतीन मिनिटांची एक भैरवी १९७७ साली नासाच्या दोन्ही व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर गेली. दुसरं यान ५ सप्टेंबरला सुटलं. १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. दोन्ही यानं सूर्यमालेच्या ग्रहांना मागे टाकून केव्हाच पुढे गेली आहेत.

भैरवी इंटरनेटवर सहज मिळते. ती झाली की ललितागौरी ऐका, हेडफोन लावून. तान नक्की कुठून वळते ते सापडलं, तर मलाही सांगा.