एमी जॉन्सनचे उड्डाण

5 मे 1930 ची सकाळ होती. लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर हिरव्या रंगाचे एक लहानसे विमान उड्डाणाच्या तयारीत उभे होते. त्याला ना छप्पर होते, ना बिनतारी संदेशयंत्र. त्यात एकटी बसलेली सव्वीस वर्षांची तरुणी थेट ऑस्ट्रेलियातील डार्विन शहरी जाण्यास निघाली होती. तिचे नाव एमी जॉन्सन.

एमीचा जन्म 1 जुलै 1903 रोजी इंग्लंडमधील हल या बंदरात झाला. तिचे वडील मासळीचे व्यापारी होते. शेफील्ड विद्यापीठाची पदवी मिळवून ती लंडनला एका वकिलाच्या कचेरीत नोकरी करू लागली आणि फावल्या वेळात विमान चालविण्यास शिकली. पण तेवढ्याने तिचे समाधान होईना. विमान बिघडले तर ते आपल्याला दुरुस्तही करता आले पाहिजे, असा तिचा आग्रह होता. हात तेलाने माखून घेत तिने यंत्रविद्या आत्मसात केली आणि 1929 साली विमान-यांत्रिकाचा परवाना मिळविला. हा मान मिळविणारी ती पहिलीच ब्रिटिश स्त्री होय.

क्रॉयडन ते डार्विन हा मार्ग सुमारे 18,000 किलोमीटरांचा. 1928 साली बर्ट हिंकलर याने तो एकट्याने साडेपंधरा दिवसांत पार केला होता. एमीने त्यापूर्वी लंडनहून हलच्या पलीकडे कधी उड्डाण केले नव्हते. तरी हिंकलरचा विक्रम मोडण्याचा तिने निश्चय केला.

बगदादच्या वाटेवर वाळूच्या वादळाने तिला वाळवंटात उतरण्यास भाग पाडले. तरीही सहाव्या दिवशी ती कराचीस पोहोचली. तेव्हा ती हिंकलरच्या दोन दिवस पुढे होती! पुढे इंधन संपत आल्यामुळे तिला झाशीला उतरावे लागले. रंगूनजवळ तर धो धो पावसात ती चुकून एका खेळाच्या मैदानावर उतरली. विमान खड्ड्यात कलंडून त्याचा पंखा मोडला व पंख फाटला. तेथील तंत्रशाळेतील मंडळी मदतीस धावली. एमीही त्यांच्यासोबत राबली. परंतु दुरुस्तीत मोलाचे दिवस गेले आणि विक्रम हातचा निसटला.

आता घाई कशासाठी, असे म्हणून ती थांबली असती तर तिला कोणी दोष दिला नसता. पण एमी थांबली नाही. समुद्र ओलांडून 24 मे रोजी, विसाव्या दिवशी, ती डार्विनला उतरली. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीने उड्डाण करणारी ती पहिली स्त्री ठरली.

दुसऱ्या महायुद्धात ती विमाने एका तळावरून दुसऱ्या तळावर पोहोचविण्याचे काम करीत असे. 5 जानेवारी 1941 रोजी असेच एक विमान नेत असता खराब हवेत ती टेम्स नदीच्या मुखाशी पाण्यात पडली. तिचा देह कधीच सापडला नाही.

2018 साली लंडन आणि ऑस्ट्रेलियातील पर्थ यांच्यामध्ये विनाथांबा विमानसेवा सुरू झाली. सुमारे 14,500 किलोमीटरांचे ते अंतर प्रवासी सुमारे सतरा तासांत, आरामात बसून पार करू लागले. एमीला मात्र त्या दूरच्या भूमीस पोहोचण्यासाठी वीस दिवस वारा, वाळू आणि पाऊस यांच्याशी एकटीने झुंजावे लागले होते. तिचे ते चिमुकले विमान लंडनच्या विज्ञान संग्रहालयात जपून ठेवलेले आहे.