ए. एस. हॉर्नबी : प्रौढ अध्येता आणि पाठ्यपुस्तक

आल्बर्ट सिडनी हॉर्नबी (१८९८–१९७८) यांचे नाव ‘अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ या कोशामुळे सर्वपरिचित आहे. महाराष्ट्रातील महाविद्यालयांतूनही हा कोश दीर्घकाळ वापरला गेला. तथापि, या कोशकार्याचे मूळ वर्गातील एका अडचणीत होते, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. परभाषक प्रौढाच्या हाती इंग्रजीचे कोणते पुस्तक द्यावे, ही ती अडचण होय.

चेस्टर येथे जन्मलेल्या हॉर्नबी यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून १९२२ मध्ये पदवी घेतली. १९२४ मध्ये ते जपानमधील ओइता येथील उच्च वाणिज्य विद्यालयात इंग्रजी साहित्य शिकविण्यासाठी गेले. विद्यार्थ्यांची निकड साहित्याची नसून भाषेची आहे, हे त्यांना लवकरच उमगले. त्याच काळात टोकियोतील इंग्रजी अध्यापनविषयक संशोधन संस्थेत हॅरल्ड पामर पाठ्यपुस्तकांसाठी शब्दांची निवड व श्रेणी निश्चित करीत होते. हॉर्नबी या कार्यात सहभागी झाले आणि १९३६ मध्ये पामर मायदेशी परतल्यावर त्यांनी ते पुढे चालविले.

प्रौढ अध्येत्याचा विचार परिपक्व असतो, परंतु नव्या भाषेतील त्याची साधने बालकाइतकीच तोकडी असतात. शब्दाचा अर्थ कळूनही वाक्यरचना अडते. ‘वाँट’ या क्रियापदाची रचना अर्थसाम्यामुळे ‘सजेस्ट’ला लावली, की वाक्य चुकते. अर्थ देऊन थांबणारा कोश ही चूक टाळू शकत नाही. म्हणून हॉर्नबी यांनी गेटनबी व वेकफील्ड यांच्या सहकार्याने सिद्ध केलेल्या कोशात क्रियापदांच्या रचनांचे पंचवीस प्रकार मांडले आणि प्रत्येक क्रियापदापुढे त्याच्या रचनेचा निर्देश केला. नामे गणनीय की अगणनीय, हेही नोंदविले. हा कोश १९४२ मध्ये टोकियोत प्रसिद्ध झाला, तेव्हा जपान व ब्रिटन यांच्यात युद्ध सुरू होते. स्थानबद्धतेनंतर हॉर्नबी त्याच वर्षी इंग्लंडला परतले. पुढे ब्रिटिश कौन्सिलच्या वतीने त्यांनी तेहरानमध्ये अध्यापन केले. १९४६ मध्ये सुरू झालेल्या ‘इंग्लिश लँग्वेज टीचिंग’ या नियतकालिकाचे ते पहिले संपादक होत. १९४८ मध्ये ऑक्सफर्डने त्यांचा कोश पुनर्मुद्रित केला.

१९५४ ते १९५६ या काळात त्यांची ‘ऑक्सफर्ड प्रोग्रेसिव्ह इंग्लिश फॉर अ‍ॅडल्ट लर्नर्स’ ही तीन भागांची पाठमाला प्रकाशित झाली. नवी वाक्यरचना प्रथम वर्गातील वस्तू, कृती व प्रसंग यांतून रुजवावी, अशी त्यांची भूमिका होती. अशा अध्यापनात पुस्तक शिक्षकाची जागा घेत नाही; शिकविलेल्याला क्रम व स्थैर्य देते. या दृष्टीला मर्यादाही होती. रचनेवर प्रभुत्व आले म्हणजे संभाषण साधतेच असे नाही, हा आक्षेप १९७० नंतरच्या संप्रेषणवादी अभ्यासकांनी बळकटपणे मांडला. सर्व देशांतील प्रौढांसाठी एकच पाठमाला पुरेशी ठरेल काय, हा प्रश्नही उरतोच.

पुस्तकांच्या उत्पन्नातून हॉर्नबी यांनी १९६१ मध्ये न्यास स्थापन केला आणि परदेशांतील इंग्रजी शिक्षकांच्या प्रशिक्षणाची तरतूद केली. उत्तम पुस्तकालाही जाणता शिक्षक लागतो, ही त्यांच्या अध्यापनविचारातील जाणीव या निर्णयातही दिसते. पाठ्यपुस्तकाची निवड लेखकाच्या कीर्तीवरून न करता अध्येत्याच्या नेमक्या गरजेवरून करावी, हा त्यांच्या कार्याचा बोध मराठी परभाषकांना शिकविताना आजही विचारात घेण्याजोगा आहे.