गोल्फला शून्य देणारा डॉक्टर

शिंदखेडा, दोंडाईचा भागात गोल्फ हा टीव्हीवर पाहायचा खेळ. मैदान पाहायचे तर नाशिक, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. तरीही या खेळाच्या गुणांची पद्धत बसवणाऱ्या एका डॉक्टरचे आयुष्य आपल्याही उपयोगाचे आहे.

डॉ. फ्रँक बार्नी गॉर्टन स्टेबलफोर्ड यांचा जन्म १८७० सालचा, इंग्लंडमधला. पेशाने ते सर्जन. बोअर युद्धात त्यांनी लष्करी सर्जन म्हणून काम केले, तर पहिल्या महायुद्धात ते ब्रिटिश लष्कराच्या वैद्यकीय दलात मेजर होते. गोल्फमध्येही त्यांचा हात पक्का. १९०७ मध्ये वेल्समधील रॉयल पोर्थकॉल क्लबचे विजेतेपद त्यांनी मिळवले.

गोल्फची जुनी मोजणी सरळ आहे. होल अठरा. प्रत्येक होलसाठी तीन, चार किंवा पाच फटके अपेक्षित. त्याला ‘पार’ म्हणतात. एक फटका कमी लागला तर ‘बर्डी’, एक जास्त लागला तर ‘बोगी’. कच्च्या खेळाडूला सवलतीचे फटके मिळतात, तो ‘हँडिकॅप’. शेवटी सगळ्या फटक्यांची बेरीज करायची. ज्याची कमी, तो जिंकला.

गोम इथेच आहे. एका होलवर चेंडू वाळूत रुतला आणि अकरा फटके लागले, की उरलेले सतरा होल चांगले खेळूनही दिवस वाया. मग माणूस चिडतो आणि नुकसान भरून काढायला आडदांड फटके मारत सुटतो.

स्टेबलफोर्ड यांनी १८९८ मध्ये वेल्समधील पेनार्थच्या ग्लॅमॉर्गनशायर क्लबात गुण देण्याचा पहिला प्रयोग केला, पण तो तिथेच थांबला. पुढे ते लिव्हरपूलजवळच्या वॉलसी क्लबात खेळू लागले. तिथल्या समुद्री वाऱ्यात लांबच्या होलवर भल्याभल्यांचा हिशेब कोलमडे. ते पाहून त्यांनी जुनी कल्पना नव्याने बांधली. १६ मे १९३२ रोजी वॉलसीत या पद्धतीने पहिली स्पर्धा झाली.

सवलत वजा करून पारइतके फटके आले तर २ गुण. एक जास्त तर १, एक कमी तर ३, दोन कमी तर ४. दोन किंवा अधिक फटके जास्त लागले, की शून्य. समजा हँडिकॅप १८ आहे, म्हणजे प्रत्येक होलला एक फटका माफ. पार चारच्या होलवर पाच फटके लागले, तर २ गुण. असे अठराही होल खेळले, तर ३६. आणि ते अकरा फटके? शून्य. चेंडू उचलायचा, पुढच्या होलवर जायचे. १९५९ मध्ये स्टेबलफोर्ड वारले, पण ही पद्धत आज जगभरच्या क्लबांत चालते.

याच खेळात पैजाही लागतात. ‘नासाऊ’ नावाच्या पैजेत तीन डाव असतात: पहिले नऊ होल, नंतरचे नऊ आणि एकूण अठरा. मागे पडलेला खेळाडू उरलेल्या होलसाठी नवी पैज मागतो, ती ‘प्रेस’. स्टेबलफोर्ड यांनी तोटा जिथल्या तिथे संपवला. प्रेस तो पुढे ओढते.

आम्हा डॉक्टरांना काळजी असते ती या ओढण्याची. गेलेला पैसा परत मिळवायला पुन्हा डाव लावणे, हे जुगाराच्या आजाराचे ठळक लक्षण. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याची नोंद आहे. थोडक्यात हुकलेला डावही मेंदूला जवळजवळ जिंकल्यासारखाच भासतो आणि हात पुन्हा पुढे होतो. आखाजीला आपल्याकडे पत्त्यांचे डाव रंगतात. सणाबरोबर ते संपले तर ठीक. पण खिशातल्या मोबाइलवर आखाजी रोजचीच होऊ शकते.

रक्कम वाढत जाणे, घरच्यांपासून लपवणे, उसनवारी, खेळ बंद केल्यावर चिडचिड किंवा झोप उडणे, यांतले काही दिसले तर माणसाला दोष देत बसू नका. सरकारी रुग्णालयात आणा, किंवा १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर मोफत बोला. त्याआधी घरात एक गोष्ट ठरवा: गेलेल्या पैशाची भरपाई खेळून करायची नाही. त्या होलपुढे शून्य लिहायचे.